शेरा

खापरझिऱ्याच्या तलावावर आता यंत्र बसलंय,
खांबावर, सौर पत्र्याखाली;
दर पंधरा मिनिटांनी पाणी किती ते स्वतःच कळवतं जळगावला.
म्हणून साहेब म्हणाले, बाई, जुनी रजिस्टरं रद्दीत काढा.
एकतीस होती. दोन वाळवीनं खाल्लेली.

तारीख. पातळी. पाऊस. विसर्ग.
आणि कडेला, बोटभर रुंद, शेऱ्याचा रकाना,
ज्यात सरकारला अपेक्षित असतं: निरंक.

दलशेर तडवी, मोजणीदार, निरंक लिहीत नसे.
"बेटावर नदीसुरय, घरटी एकोणचाळीस."
"शिंगाड्याच्या पानावर कमळपक्षी, अंडी चार. नर बसतो, मादी फिरते."
"हळदीकुंकू बदक, पिलं नऊ."
दुसऱ्या दिवशी, "सात."
खाली सही,
जणू गेलेल्या दोघांचा जाब त्यालाच द्यायचाय.

जेवणाच्या सुट्टीत मी पानं लावत गेले.
एकोणचाळीस. चौतीस. एकतीस.
मग बेटावर टरबुजाच्या वाड्या आल्या.
गाळपेराच्या पावत्या आमच्याच ऑफिसातून फाटल्या,
काहींवर माझंच अक्षर.
अकरा. सहा.
शिंगाडा गेला, पाणकणीस माजलं,
कमळपक्ष्यांच्या तीन जोड्या, मग एक,
मग नुसतं: "नर, एकटा."
पण त्याच पाणकणसात जांभळ्या पाणकोंबड्या मावेनात,
चाळीस, सत्तर;
आणि काठच्या बाभळी ज्या सालापासून कुणी तोडल्या नाहीत
त्या सालापासून पाणकावळे,
झाडं पांढरीफटक झाली
हे त्यानं लाल शाईत लिहिलंय.
नुसतं कमी कमी होत गेलं असतं
तर रडणं सोपं होतं.

शेवटच्या आठ वर्षांत सगळेच आकडे लहान.
अक्षर मात्र मोठं होत गेलेलं,
ओळ सोडून खाली उतरणारं.
मी थांबले. पक्षी घटले, की नजर?
मोतीबिंदूनं किती घरटी खाल्ली
आणि किती खरंच नव्हती?

विचारायला तलावावर गेले.
सुकलाल भोई जाळ्यातून काटे सोडवत होता.
मान वर न करता म्हणाला,
"डोया ग्या व्हतात त्याना. कान नही."
पहाटे बांधावर बसायचा म्हणे, हात मांडीवर,
एकेका आवाजाला बोटाचं एकेक पेर देत.
पानं पुन्हा उघडली तेव्हा दिसलं,
त्या आठ वर्षांत "दिसले" हा शब्दच नाही.
"ऐकू आले, चार."
"ऐकू आले नाही."
आणि एक अख्खा वैशाख कोरा.
तिथे शून्यसुद्धा नाही.
"त्या वरीसले तो धुयाना दवाखानामा व्हता,"
सुकलाल म्हणाला.
पक्षी असतीलही. मोजणारा नव्हता.
शून्य आणि कोरं यांतलं अंतर
कुणी न शिकवता पाळलं होतं त्यानं.

यंदाचा वैशाख. बेट उघडं पडलंय.
टरबूज काढून झालं, वेल वाळले,
मल्चिंगचा कागद फडफडतोय, लांबून पंखासारखा, फसवा.
बत्तिसावं रजिस्टर मी माझ्या पैशांनी आणलं.
दोन तास झाले. नदीसुरय:
पेन टेकवलं आणि अडले.
शून्य लिहायचं तर सगळं बेट पायाखालून गेलेलं हवं.
मी निम्मंच चालले होते.

उठले, तशी टिटवी आली अंगावर,
एकदा या कानापाशी, एकदा त्या,
ओरडून ओरडून सांगत
की इथेच कुठेतरी,
ढेकळांत, बैलाच्या खुराच्या खळग्यात, माझ्या चपलेलगत,
मातीच्याच रंगाचं काहीतरी आहे.

शोधलं नाही.
आलेल्या पावलांच्या ठशांवरच पाय ठेवत
मागे मागे सरकले, पार पाण्यापर्यंत.

शेरा: टिटवी, घरटं एक. पाहिलं नाही.
नदीसुरय: उरलेलं अर्धं बेट, उद्या.